न घेतलेल्या गोळीचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीपूजन करतो, वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि वर्षाचे येणे-देणे एकदा डोळ्यांखालून घालतो. शेतकऱ्याच्या घरी अशी वही नसते, पण हिशेब असतो. बियाण्याचे किती गेले, फवारणीचे किती, वेचणीच्या मजुरीचे किती आणि सावकाराचे किती राहिले, हे त्याला तोंडपाठ असते. या दोघांच्याही हिशेबात एक रक्कम मात्र कधीच येत नाही. ती म्हणजे न घेतलेल्या गोळीची. घेतलेल्या गोळीचे पैसे खिशातून जातात, ते दिसतात. न घेतलेल्या गोळीचे पैसे वाचले असे वाटते. आठ-दहा वर्षांनी ते व्याजासकट वसूल होऊ लागतात, तेव्हा ही रक्कम कोणत्या खात्याची हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

मधुमेहाचे हे चुकलेले खाते आज येथे उघडावयाचे आहे. ते पुण्या-मुंबईच्या भावाने मांडले तर वाचक म्हणतील, शहराची गोष्ट निराळी. म्हणून आपण ते पुलगावात मांडू.

पुलगाव हे वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्याचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावर वर्धा नदी ओलांडली की लागते. नदीपलीकडे अमरावती जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालू लागले. तो भोंगा आता बंद झाला. आर्वीकडे जाणारी चिमुकली आगगाडीही गेली. लष्कराचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार मात्र आहे. ३१ मे २०१६ च्या भीषण आगीने त्याचे नाव साऱ्या देशाला कळले. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीन. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. मोठा आजार निघाला तर माणूस तिसेक किलोमीटरवरच्या वर्ध्याला, नाहीतर तेथून जवळच्या सेवाग्रामला किंवा सावंगीला जातो. म्हणजे दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हाकेच्या अंतरावर. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांना हे भाग्य लाभलेले नाही. तेव्हा पुलगावचा हिशेब हा तसा सोयीच्या गावाचा हिशेब आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावाचा मांडला तर आकडे याहून कडवट येतील.

मधुमेह हा श्रीमंतांचा, बैठ्या माणसांचा रोग, ही समजूत आता मोडीत काढावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेही दहा कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढांत शेकडा ११.४, असे आढळले. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्राचा आकडा शेकडा ८.४ होता. केंद्र सरकारने २०१० मध्ये मधुमेह, हृद्रोग, कर्करोग आदींच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या खेपेस निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. रोग खेड्यात पोहोचल्याचे सरकारलाही तेव्हाच उमगले होते.

आता रोगाचा स्वभाव पाहू, कारण साऱ्या घोटाळ्याचे मूळ त्यात आहे. दात दुखतो, पोट दुखते, तापाने अंग फणफणते. त्यामुळे औषध घेण्याची आठवण रोगच करून देतो. मधुमेह तसे करीत नाही. साखर दोनशेवर गेली तरी माणूस वावरात जातो, बैल सोडतो, पंगतीत जेवतो. आत मात्र डोळ्याच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या आणि पायाच्या मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या हळूहळू खराब होत असतात. वेदना नाही, म्हणून भीती नाही. गोळी सुरू केली की महिन्या-दोन महिन्यांत साखर खाली येते, थकवा जातो, रात्रीचे उठणे थांबते. मग दवाखान्यात एक संवाद घडतो, जो वऱ्हाडातल्या कोणत्याही डॉक्टरला पाठ असेल: "आता मले काई तरास नाई, साखरबी उतरली, मंग गोळी कायले खाऊ?"

वरवर पाहता हा प्रश्न शहाणपणाचा आहे. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण घेतो? पण येथे साखर उतरली ती गोळीमुळे. गोळी थांबली की ती पुन्हा चढते, आणि चढताना सांगून चढत नाही. विहिरीवर मोटर चालू आहे तोवर पाणी खाली राहते. पाणी खाली आहे म्हणून मोटर बंद करणारा माणूस उद्या विहिरीत काय पाहील, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मग मधुमेहाच्या बाबतीत ते तसे कोणी त्याला समजावून सांगितलेले असते का, हाही एक प्रश्नच आहे. शंभर रोग्यांच्या रांगेत डॉक्टरला प्रत्येकी दोन मिनिटे मिळतात. त्यांत विहीर कोठून आणणार?

एके काळी या रोगाला औषधच नव्हते. लहान मुलांना झाला तर उपाशी ठेवून काही महिने जगवीत, एवढेच. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली. ती फारशी लागू पडली नाही. औषध अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. शोधकांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला माणशी एका डॉलरला देऊन टाकले. औषध कोणाच्या तिजोरीत अडकू नये, असा त्यांचा हेतू होता. आज बहुतेक मधुमेही जी गोळी पहिल्यांदा घेतात त्या मेटफॉर्मिनची कथाही अशीच साधी. गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका रानटी झाडातील द्रव्यावरून तिचा माग लागला आणि १९५७ साली फ्रान्समधील जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ती मधुमेहावर वापरल्याचे जाहीर केले. जगभर पहिली पसंती मिळालेली ही गोळी आपल्याकडे एक-दोन रुपयांना मिळते. वैद्यकात उत्तम आणि स्वस्त यांची अशी गाठ क्वचितच पडते.

नेमाने साखर ताब्यात ठेवली तर नेमका फायदा किती, याचे उत्तर ब्रिटनने वीस वर्षे खर्चून काढले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात नव्याने मधुमेह कळलेले पाच हजारांवर रुग्ण होते. निकाल १९९८ साली लागला. ज्यांची साखर कसून ताब्यात ठेवली होती त्यांच्यांत डोळे, मूत्रपिंडे इत्यादींच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार शेकडा पंचवीसने कमी आढळले. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी, २००८ साली पाहिले, तर पूर्वी नेमाने राहिलेल्यांचा फायदा टिकून होता. हृद्विकाराचे झटके आणि मृत्यूही त्यांच्यांत कमी होते. शरीर जुनी नोंद पुसत नाही. पहिल्या वर्षांत खाल्लेली गोळी पंधराव्या वर्षी उपयोगी पडते आणि पहिल्या वर्षांत चुकविलेली गोळीही पंधराव्या वर्षीच उभी राहते.

आता रुपये-आण्यांचे. समजा, पुलगावजवळच्या खेड्यात एक पन्नाशीचा कास्तकार आहे. त्याला दोन प्रकारच्या साध्या गोळ्या लिहून दिल्या आहेत आणि त्यांचा खर्च दिवसाला आठ रुपये येतो. वर्षाचे झाले २,९२०. दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी चारशे रुपयांची धरली तर १,६०० आणखी. एकूण ४,५२०. शेतकऱ्याला ही रक्कम लहान नाही, हे मान्य. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी तर मुळीच नाही.

आता दुसरे पान उलटू. हाच माणूस गोळ्या मन मानेल तशा घेत राहिला आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याला डायलिसिस लागले, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे आले. शास्त्राप्रमाणे ते आठवड्यातून तीनदा हवे. आपल्याकडे पुष्कळांचे दोनदाच होते. खाजगीत एका वेळेचे दीड हजार धरले तरी वर्षाच्या १०४ खेपांचे १,५६,००० रुपये. वाचक म्हणतील, सरकारी योजनेत ते फुकट होते. होते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी ही सोय देशभर सुरू झाली. पण फुकट डायलिसिसचाही हिशेब करून पाहा. खेड्यातून वर्ध्याला १०४ वेळा जायचे. एकट्याला जाववत नाही, म्हणून सोबत बायको किंवा मुलगा. दोघांची मजुरी तीनशे रुपये रोजाने बुडाली: ६२,४००. जाण्यायेण्याचे माणशी शंभर धरले तर २०,८००. एकूण ८३,२०० रुपये दर वर्षी, आणि यंत्राचा एक पैसाही द्यावा न लागता! बायको सोबत गेली तर एस.टी.त तिला २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेवढे वजा करा. उरलेल्या रकमेत त्याच्या सतरा-अठरा वर्षांच्या गोळ्या आणि तपासण्या आल्या असत्या.

अमेरिकेत हा हिशेब शास्त्रोक्त रीतीने झाला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरदारांच्या विम्याची कागदपत्रे तपासली गेली. लिहून दिलेल्या औषधांपैकी पाचवा हिस्साही न घेणाऱ्या मधुमेह्यांचा वर्षाचा औषधखर्च होता सुमारे ५५ डॉलर. बहुतेक सारी औषधे घेणाऱ्यांचा ७६३. पण मधुमेहापायी झालेला एकूण खर्च, इस्पितळासकट, पाहिला तर पहिल्यांचा निघाला सुमारे ८,८६७ आणि दुसऱ्यांचा ४,५७०. रुग्णालयात दाखल होण्याची पाळी पहिल्यांत शंभरातील तिसांवर आली, दुसऱ्यांत तेरांवर. जो नेमाने गोळी घेतो तो खाण्यापिण्यातही सांभाळून असतो, त्यामुळे सारे श्रेय गोळीला देता येणार नाही, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. तरीही तफावत एवढी मोठी आहे की निम्मे श्रेय काढून घेतले तरी गोळी नफ्यातच राहते.

मूत्रपिंडाचे झाले. पण आमच्या भागात मधुमेह माणसाला अधिक वेळा गाठतो तो पायाशी. पऱ्हाटी उपटल्यावर वावरात तिचे धारदार खुंट राहतात. साध्या माणसाला खुंट लागला तर तो ओरडतो, बसतो, पाय पाहतो. पायाचे मज्जातंतू मेलेल्या मधुमेह्याला काही कळतच नाही. तो संध्याकाळपर्यंत त्याच पायाने चालतो. रात्री सून म्हणते, "मामंजी, चपलेत रक्त कशाचं?" तेव्हा शोध लागतो. मधुमेहात जे पाय कापावे लागतात त्यांपैकी शंभरातील सुमारे पंच्याऐंशींची सुरुवात अशा एखाद्या क्षुल्लक जखमेपासून झालेली असते.

बधिर पायाची ही कथा वर्धा जिल्ह्याला नवी नाही, आणि येथेच या जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडतो. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कामही वर्ध्यातूनच पसरले. पायाला मऊ रबराची चप्पल, रोज रात्री तळवा पाहणे, तो जमत नसेल तर आरसा धरून पाहणे, हे धडे इथल्या कार्यकर्त्यांनी घरोघर शिकविले. आज मधुमेहाचे डॉक्टर जे सांगतात ते शब्दशः हेच आहे, चप्पलसुद्धा तीच. पुढे १९८१-८२ च्या सुमारास कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आला, तेव्हा देशातील ज्या पहिल्या जिल्ह्यांत तो सुरू झाला त्यांत वर्धा होता. त्यापूर्वी एकच गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागे. रोगी कंटाळून मध्येच सोडीत, आणि सोडल्यामुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होत. नव्या उपचारात महिन्याचे पाकीट आले, प्रत्येक दिवसाची गोळी त्यात वेगळी दिसू लागली, आणि महिन्यातून एकदा कार्यकर्त्यासमोर गोळी गिळण्याची पद्धत पडली. कुष्ठरोगाचा कणा मोडला तो औषधाच्या गुणाइतकाच या व्यवस्थेने.

मधुमेहाला हा धडा आपण लावला का? पुरता नाही. कुष्ठरोगाच्या पाकिटाला शेवट होता. सहा महिने, बारा महिने, आणि सुटका. मधुमेहाच्या गोळीला शेवट नाही, आणि माणसाचे मन शेवट नसलेल्या कामाला लवकर विटते. त्यात पैशाची गोष्ट आहेच. कास्तकाराच्या हातात रोख येते ती दिवाळीपासून माघापर्यंत, कापूस विकला जाईल तशी. गोळी मात्र रोज लागते. आषाढ-श्रावणात, पोळ्याच्या आधी, हात सर्वांत आखडलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत दोनाची एक गोळी होते, रोजची एकाआड एक होते. घरात नवरा-बायको दोघेही मधुमेही असतील तर एकाच्याच गोळ्या दोघे वाटून घेतात. नाहीतर बाईची गोळी आधी बंद होते. "मले काई नाई होत" हे म्हणणारी घरातली व्यक्ती कोण असते हे सांगावयास नको.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ही नाडी फार पूर्वी ओळखली होती. डॉ. उल्हास जाजू यांनी भोवतालच्या खेड्यांत आरोग्यविम्याची योजना उभी केली. तिची वर्गणी पैशात नव्हे, ज्वारीत घेतली जाई. सुगीत, घरात धान्य असताना. आजारपण पावसाळ्यात आले तरी पैसे सुगीतच भरलेले असत. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांत न सापडणारे शहाणपण त्या ज्वारीच्या पोत्यात होते.

आताच्या सरकारी योजनांत एक विसंगती आहे, ती स्पष्ट बोलली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि तिने हजारो कुटुंबांना कर्जातून वाचविले. पण ती आहे मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांसाठी. पाय कापण्याचे पैसे ती देते. पाय वाचविणाऱ्या रोजच्या गोळीचे देत नाही. ती गोळी सरकारी दवाखान्यातून घ्यावी अशी अपेक्षा आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झालेही आहेत. कागदावर चौकट पूर्ण झाली. प्रत्यक्षात एखादे औषध महिनाभर संपलेले असते, रांगेत अर्धा दिवस जातो, पंधरवड्याच्याच गोळ्या मिळतात आणि पुन्हा एक रोज बुडतो. नेमाने येणाऱ्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर सरकारचे काही बिघडणार नाही, रुग्णाचे मात्र चार-सहा रोज वाचतील. बाहेरून घ्यावयाचीच वेळ आली तर जनऔषधी दुकानात तीच औषधे बाजाराच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. शिवाय भाव कायमचे नसतात. सिटाग्लिप्टिन ही गोळी महाग म्हणून कित्येकांनी सोडली होती. जुलै २०२२ मध्ये तिचे पेटंट संपले आणि किंमत झपाट्याने उतरली. पूर्वी परवडली नाही म्हणून सोडलेल्या गोळीचा भाव आज पुन्हा विचारून पाहावा.

पैशाशिवायची कारणेही आहेत. "गोळ्यांनी किडनी जाते" हे वाक्य गावोगाव फिरते. किडनी घालविणारी साखर आणि दोष मात्र गोळीवर. मूत्रपिंड आधीच बिघडले असेल तर काही गोळ्या कमी-जास्त कराव्या लागतात, ही खरी गोष्ट. ते काम रक्त तपासून डॉक्टरांनी करावयाचे. इन्शुलिनच्या सुईला तर लोक शेवटची पायरी समजून भितात. ज्या मुलांना आणि तरुणांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे त्यांचे इन्शुलिन कोणा बुवाच्या काढ्यासाठी बंद केले, तर वर्षांचा प्रश्नच उरत नाही; काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. अशी जाहिरात करणाऱ्यांना कायद्याने आवर घातला पाहिजे, एवढेच म्हणतो. अधिक लिहिले तर लेखणी सुटेल.

आता दिवाळी. नवरात्राचे उपास नुकतेच झालेले, कार्तिकी एकादशी पुढे आलेली आणि मध्ये फराळाची ताटे. उपासाच्या दिवशी पुष्कळ लोक जेवण नाही म्हणून गोळीही घेत नाहीत, किंवा उलट, गोळी घेतात आणि पोटात काहीच घालीत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी ताबडतोब दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये आणि तडक दवाखाना गाठावा. उपास करावयाचाच असेल तर चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी. अनारसा खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी गोळी दुप्पट करू नये. आणि करंजी टाळली म्हणून गोळीला सुट्टी देऊ नये.

कापसाचा पहिला वेचा विकला गेला की पुलगावच्या बाजारात कपडा येतो, फटाके येतात, एखादे भांडे येते. त्याच फेरीत ग्रामीण रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या घ्याव्यात. तेथे नसतील तर जनऔषधी दुकानातून. रिकाम्या पट्ट्या फेकू नयेत. पुढल्या वेळी त्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. तीस दिवसांच्या साठ गोळ्यांपैकी बावीस उरल्या असतील तर तसे मोकळेपणाने सांगावे, म्हणजे साखर का चढली याचे उत्तर डॉक्टरला नव्या, महागड्या औषधात शोधावे लागणार नाही.